माटवी खंय बांधूची? : मालवणकडच्या एका घरातल्या मिनिमलिस्ट फर्निचरचं प्रकरण

“गो, ह्या छताक एकव वासो दिसणा नाय. माटवी खंय बांधूची?”

२०२२च्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी, २९ ऑगस्टला, काकींनी मला फोनवर हे विचारलं. पुतण्या शिडीवर उभा होता, खालून दोघांनी माटवी धरली होती, आणि जिथे वासे असायचे तिथे मी बसवलेलं पांढरंशुभ्र जिप्समचं छत होतं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट म्हणजे माटवी. तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तिरडा, आंब्याचे टाळे बांधतात आणि भरली की ती चांगली जड होते. जिप्समच्या बोर्डात हुक मारून ती टांगायची म्हणजे विघ्नहर्त्याच्याच डोक्यावर विघ्न टांगण्यासारखं.

कुडाळला माझं ऑफिस आहे, घरांच्या आतली कामं करते. माझ्या माहेरी दर वर्षी माटवी बांधली जाते. लहानपणी कवंडळं आणायला आम्हीच पोरं रानात जायचो. तरीही या घराचा आराखडा काढताना मला ती आठवली नव्हती. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच.

घर आणि मागणी

घर मालवण तालुक्यात, खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, मग लोटा. मालवणीत लोटा म्हणजे पाणी प्यायचं भांडं नव्हे, घरातली पुढची मोठी खोली. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि बाजूला मांगर, म्हणजे सामान ठेवायची वेगळी कोठी. लोटा २२ फूट बाय १५ फूट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मालक नवरा-बायको ठाण्याला नोकरीत, मुलगी कॉलेजात. वर्षातून तीन-चारदा यायचे. त्यांची चुलती, म्हणजे फोनवरच्या त्या काकी, शेजारच्या घरात, किल्ली त्यांच्याकडे. मागणी एका वाक्यात आली: “आम्हाला मिनिमलिस्ट हवंय.” सोबत मोबाइलवर वीसेक फोटो. पांढऱ्या भिंती, बुटका राखाडी सोफा, एक उभा दिवा, बाकी मोकळं.

ठाण्याच्या दोन खोल्यांत वस्तूंच्या गर्दीला कंटाळलेल्या माणसांना गावचं घर तरी मोकळं हवंसं वाटणं अगदी बरोबर आहे. मला ते पटलंही. त्या क्षणी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हे घर मोकळं कशासाठी ठेवायचंय? मी तो विचारला नाही. मी सोफ्याच्या कापडाचे नमुने दाखवले.

अशा फोटोंमागे शंभर वर्षांचा इतिहास असतो. १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली. नक्षी काढून टाका, वस्तूचं काम काय ते बघा, कारखान्यात बनेल असं बनवा, हा तिथला आग्रह. तिथल्याच मार्सेल ब्रॉयरने १९२५च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी नळ्यांची खुर्ची केली. पुढे जर्मन डिझायनर डीटर राम्सने १९६०मध्ये भिंतीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना अडकवायची शेल्फं केली. घर बदललं की पट्ट्यांसकट काढून न्यायची. ती आजही बनतात. ‘कमी, पण चांगलं’ असं राम्स म्हणायचा. त्यातलं ‘कमी’ सगळ्यांना पाठ असतं.

दुसरा धागा जपानचा. तिथल्या जुन्या घरात दिवसा रिकामी असलेली खोली रात्री निजायची खोली होते. गाद्या घडी करून भिंतीतल्या एका खोल कपाटात जातात, त्याला ओशिइरे म्हणतात. खोलीचं माप तातामी चटयांत मोजतात, आणि एक तातामी साधारण ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे एका माणसाच्या निजण्याएवढी. खोली रिकामी राहते ती त्या कपाटाच्या जिवावर. कॅटलॉगच्या फोटोत खोली येते, कपाट येत नाही.

गंमत अशी की या घरातही ते सगळं होतं. भिंतीत कोनाडे आणि फडताळं, खांबांना खुंट्या, माजघरात कपड्यांची दांडी, माळ्यावर वळकट्या, देवघराबाहेर पाटांची चळत, आणि लोट्यात एकच मोठी वस्तू, झोपाळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या लोट्यात झोपाळा सोडला तर काहीही नव्हतं. त्या रिकाम्या खोलीत उभं राहून मी वहीत लिहिलं होतं, “लोटा: फर्निचर शून्य. सगळं करावं लागेल.”

पहिलं काम

जानेवारी ते एप्रिल २०२२. झोपाळा उतरवून मांगरात गेला. कौलांखाली जिप्समचं छत आलं. आठ फूट बाय सहा फुटांचा कोपरा-सोफा, टीपॉय, सहा फुटी टीव्ही युनिट, लोटा आणि माजघर यांच्यामध्ये उघडं रॅक, वाचायची खुर्ची आणि दिवा. सोफा मुंबईहून, युनिट आणि रॅक ऑनलाइन मागवलेले, खोक्यातून सुटे येऊन जागेवर जोडायचे. मे महिन्यात मालक आले, खूश झाले, फोटो काढले. मीही माझ्या पेजवर टाकले. भरपूर लाइक मिळाले.

१० जूनला घर बंद झालं.

सिंधुदुर्गात पावसाळा म्हणजे काय हे मी मालवणच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-नाशकाच्या वाचकासाठी सांगते. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जुलैत आठवडेच्या आठवडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण १२ टक्के पाणी मुरलेलं असतं. ९० टक्क्यांवर ते २० टक्क्यांच्या जवळ जातं. लाकूड मग फुगतं, तेही आडवं, लाकडाच्या रेषांना काटकोनात. लांबीत नावापुरतंच वाढतं. चांगलं लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर पुन्हा आटतं. पार्टिकल बोर्डाचं तसं नाही. तो लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेला असतो. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की चुरा फुलतो, आणि फुललेला चुरा पूर्ववत होत नाही. स्क्रू धरायला मग आत काही उरत नाही.

ऑगस्टअखेर घर उघडलं तेव्हा टीव्ही युनिटची खालची कड बिस्कीट चहात बुडवल्यासारखी झाली होती. रॅकच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. बिजागऱ्या गंजल्या होत्या, कारण खाऱ्या हवेत साधं क्रोम टिकत नाही. सोफ्याच्या मागच्या बाजूला, जिथे तो जांभ्याच्या भिंतीला टेकवला होता, बुरशीचा हिरवट-काळा पट्टा आला होता. जांभा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. जुनी माणसं कपाट भिंतीपासून चार बोटं लांब का ठेवायची, ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

आणि छतावर तीन पिवळे डाग. कौलारू घरात गळती लागली की खालून दिसते, माणूस काठीने कौल सरकवतो, काम झालं. छताखाली ती दिसतच नाही. दिसते तेव्हा बोर्ड भिजून लोंबायला लागलेलं असतं.

चतुर्थी

हे सगळं नुसतं मालाचं अपयश असतं तर मी पुरवठादाराला शिव्या देऊन मोकळी झाले असते. दिल्याही. युनिटवर ‘मॉइश्चर रेझिस्टंट’ असं छापलेलं होतं. हाच शब्द प्लायवूडवरही असतो, तर त्याचा अर्थ सांगून ठेवते. आयएस ३०३ या भारतीय मानकाखालचा एमआर, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, प्लाय दमटपणा थोडाबहुत सोसतो, पाणी नाही; त्यातला डिंक युरिया फॉर्मल्डिहाइडचा. किनाऱ्यावर निदान बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, घ्यावा, पाण्याच्या जागी आयएस ७१०चा. त्यांत फिनॉलचा डिंक असतो. गिऱ्हाइकाला ‘एमआर’ वाचून वॉटरप्रूफ वाटतं आणि दुकानदार त्याचा गैरसमज काढत बसत नाही.

पण मालाची चूक दुसऱ्या वर्षी जास्त पैसे टाकून दुरुस्त होते. ३१ ऑगस्टला जे झालं ते जास्त पैशाने दुरुस्त होणारं नव्हतं.

त्या वर्षी दोन वर्षांच्या कोरोनानंतर पहिल्यांदा सगळं घराणं जमलं. पाच दिवसांचा गणपती. मुंबई, पुणे, वसई, गोवा मिळून बावीस माणसं. मी तिसऱ्या दिवशी दर्शनाला गेले ते थोडी भीतभीतच. माटवी शेवटी त्यांनी बांबूच्या चार मेढी उभ्या करून त्यांवर ठेवली होती, त्यामुळे गणपतीपुढे बसायला जागा आणखी कमी झाली होती. संध्याकाळी भजनी मंडळ आलं. पखवाजवाला सोफ्याच्या हातावर बसला, पेटीवाल्याने पेटी टीपॉयवर ठेवली आणि ती त्याच्या छातीला लागायला लागली. निम्मे बुवा पडवीत. टाळकऱ्यांपैकी एकाचा धक्का लागून माझा उभा दिवा आडवा झाला. बायकांची फुगडी खळ्यात ठरली होती, पाऊस आला, ती झालीच नाही. एरवी पाऊस आला की फुगडी लोट्यात व्हायची.

रात्री काकींनी मला चहा दिला आणि सोफ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ह्येच्यार तीन माणसां बसतली. ह्येच्या जाग्यार पयले पाच जणा निजायची.”

घरी जाऊन मी हिशेब केला. तो सुचायला मला इतके महिने लागले, खरं तर पहिल्या दिवशी करायचा होता. अंथरूण एका माणसाला साडेसहा फूट बाय सव्वादोन, म्हणजे पंधराएक चौरस फूट. लोट्यात दोन्ही लांब भिंतींकडे डोकी करून दोन रांगा लावल्या तर मध्ये दोन फुटांची वाट राहते. दारं आणि गणपतीचा कोपरा वगळला की चौदा माणसं निजतात. माझ्या फर्निचरने जमिनीवर जागा घेतली होती फक्त ६५ चौरस फूट, लोट्याच्या एक पंचमांश. कागदावर घर अजूनही मोकळंच दिसत होतं. पण सोफा, टीपॉय, रॅक यांच्यामधल्या फटी निजायच्या कामाच्या नव्हत्या. चौदाच्या जागी पाच माणसं मावत होती.

म्हणजे वस्तू कमी होत्या, आणि तरी घर भरलेलं होतं. माझ्या धंद्यात आम्ही वस्तू मोजतो. त्या घरात मोजायची गोष्ट जमीन होती.

दुसरं काम

नोव्हेंबरमध्ये मालकांशी बोलणं झालं. कठीण गेलं. पहिल्या कामातली माझी फी मी परत केली. मालाचे पैसे गेले ते गेले. सोफा ठाण्याला त्यांच्या भाच्याकडे गेला. नवीन कामाला मी एकच अट घातली, की या वेळी चतुर्थीला कोण कुठे निजतं, कुठे जेवतं, कुठे नाचतं हे आधी काकी सांगतील आणि मग मी पेन्सिल उचलेन.

जिप्समचं छत काढलं. उजेडासाठी चार काचेची कौलं टाकली. गणपतीच्या कोपऱ्यावर वाशांना ३१६ स्टेनलेस स्टीलचे चार हुक बसवले. साध्या ३०४पेक्षा यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. माटवीची जुनी चौकट कीड लागून पोकळ झाली होती, ती किंजळीच्या लाकडाची नवीन केली. माझा विचार होता की वर्षभर ती तिथेच राहू दे, तिच्यात दिवा अडकवू, छान दिसेल. काकींनी ऐकून घेतलं आणि “देवाची वस्तू ती” एवढंच म्हणाल्या. माटवी माळ्यावर जाते.

झोपाळा मांगरातून परत आला. सहा फुटी फळी, पितळी कड्या. मला आता वाटतं, किनाऱ्यावरच्या घरासाठी याहून चांगलं मिनिमल फर्निचर कुणी केलेलं नाही. खाली पाय नाहीत, त्यामुळे झाडू आणि पाणी दोन्ही बिनबोभाट जातात. वारा खालून-वरून लागतो, म्हणून बुरशी नाही. दुपारी एकाची झोप होते, संध्याकाळी तिघांच्या गप्पा होतात. आणि चतुर्थीला कड्या सोडल्या की दोन मिनिटांत लोटा रिकामा. सोडलेली फळी पडवीत दोन चिऱ्यांवर ठेवून तिच्यावर प्रसादाची भांडी मांडतात.

बसायला चार बाकडी केली. त्यांची हकिकत थोडी सविस्तर सांगते, कारण या कामात मी सगळ्यांत जास्त त्यांच्यापाशी शिकले. मे २०२१च्या तौक्ते वादळात मागल्या परड्यातला जुना फणस पडला होता. काकींनी तो तेव्हाच कापून घेऊन फळ्या मांगरात रचून ठेवल्या होत्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्टी घालून, वारा खेळेल अशा. एक इंच जाडीला उघड्यावर सुकायला साधारण वर्ष धरतात. या फळ्यांना दीड वर्ष झालं होतं. आमच्या मेस्त्रींनी एक फळी उचलून बोटाने ठोकली, आवाज ऐकला आणि मान डोलावली.

बाकडं सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, सतरा इंच उंच. बसायची जागा मी एका सलग फळीची काढली होती. मेस्त्रींनी ती दोन पट्ट्यांची केली आणि मध्ये फट ठेवली. मला वाटलं, माप चुकलं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी त्या फटीत उभी घातली आणि ती सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. “पावसात लाकूड फुगता. तेका जागा ठेवूक होयी. जुलयत येवन बग, ही काडी जावची नाय.” मी खरंच जुलैत जाऊन बघितलं. काडी गेली नाही. डिसेंबरात पुन्हा जात होती.

सांधे खाच-सालाचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, स्क्रू लागले तिथे पितळी. वरून जवसाचं तेल, आणि पायांच्या तळाला काजूच्या टरफलांचं तेल, वाळवीसाठी. नवीन फणस हळदीसारखा पिवळा दिसतो. मालकीणबाईंनी ठाण्याहून फोटो पाहून घाबरून विचारलं, “इतकं पिवळं?” वर्ष-दोन वर्षांत ते तपकिरी होत जातं, हे मी सांगितलं, पण ते त्यांना २०२४पर्यंत पटलं नव्हतं.

दोन बाकडी जोडली की एकाच्या निजण्याची सोय होते. चारही भिंतीला लावली की भजनाला म्हाताऱ्यांना टेकायला होतात. उचलायला दोन माणसं पुरतात, हे मी मुद्दाम दोन माणसांकडून उचलवून पाहिलं.

उरलं ते कपाट, म्हणजे फोटोत न येणारं. चौदा अंथरुणं, सतरंज्या, उशा, वीस पाट हे कुठे जाणार? माजघरावरचा माळा साफ करून त्याला जाळीची दारं लावली, बंद नाहीत, वारा लागला पाहिजे. आत चढायला पक्का जिना केला. एकूण खर्चातला मोठा वाटा याच माळ्यावर गेला आणि त्याचा एकही फोटो कुणी काढत नाही.

एक खुर्ची मात्र मी हट्टाने ठेवली. लाकडी, हात असलेली, पाठ जरा मागे कललेली. जुन्या घरांबद्दल बोलताना जमिनीवर बसण्याचं कौतुक फार होतं. पण काकींचे गुडघे गेलेत. त्यांना पाटावरून उठवायला दोन सुना लागतात. साधेपणाच्या नावाखाली म्हातारीला जमिनीवर बसवणं हा मला आडमुठेपणा वाटतो.

नंतर

१९ सप्टेंबर २०२३ची चतुर्थी. लोट्यात तेरा माणसं निजली, एकजण घोरतो म्हणून त्याला पडवीत पाठवलं. भजन आत झालं. फुगडीही झाली. पहिल्या कामातली एकच गोष्ट टिकली होती, ती पांढरी भिंत. आमच्याकडे गणपतीमागची भिंत दर वर्षी रंगवतात, चित्रं काढतात. पुतण्याने माझ्या त्या ‘मिनिमल’ भिंतीवर मोर, कमळ आणि हिरवागार डोंगर काढला होता. चुना मारून ती दर वर्षी पुन्हा पांढरी होते.

सगळं जमलंय असं नाही. माजघरातल्या कपाटाचा एक खण जुलैत अडकतोच; काडीचा नियम तिथे माझ्याकडून राहिला. आणि मुलीला लॅपटॉपवर काम करायला मी भिंतीला घडीचं टेबल लावून दिलं, तेही राम्सचं नाव घेऊन. पण राम्सची भिंत जांभ्याची नव्हती. जांभा ड्रिल मारला की भसाभस पीठ होतो, प्लग धरत नाही. मेस्त्रींनी सांगितलं होतं की खांबाला उभी फळी ठोक आणि टेबल त्या फळीला लाव. मला फळी दिसायला नको होती.

२०२४च्या चतुर्थीला गेले तेव्हा टेबल एका बाजूला कललेलं होतं. वर करंज्यांचा डबा, आणि खाली टेकूला उभा पाट. काकी त्यांच्या खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होत्या.

“ह्यां तरी नीट करून दी गो.”